जोडीत तिसरा जीव आणण्याआधी



माझ्या ओळखीच्या जैन घरांमध्ये हल्ली गिनीपिग बरेच दिसू लागले आहेत. कारण उघड आहे. मुलांना घरात एखादा प्राणी हवा असतो आणि कुत्रा-मांजर म्हटलं की त्यांच्या खाण्याचा प्रश्न येतो. गिनीपिग पूर्ण शाकाहारी. गवत, पाला, थोडं फळ, एवढ्यावर त्याचं भागतं. तो एकटा राहत नाही, दोन तरी हवेत, हेही आता बहुतेकींना ठाऊक झालं आहे. पुढचा प्रश्न मात्र सहा महिने-वर्षाने येतो. "काकू, दोघी छान रुळल्यात. आता तिसरा आणू का?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. दुकानातून विकत आणायचा असेल तर नको. कुणाकडे एकटा उरलेला असेल तर जरूर आणा, पण महिना-दीड महिन्याची सवड काढून, आणि घरातल्या जोडीने त्याला नाकारलं तर ते मान्य करायच्या तयारीने. असं का म्हणते, ते आता सविस्तर लिहिते.

तिसरा नक्की कुणासाठी?

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, पेरू-बोलिव्हिया भागातला. तिथे हजारो वर्षांपूर्वी माणसाने तो पाळला तो खाण्यासाठी, आणि आजही तिथे तो खाल्ला जातो. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला. पुढे प्रयोगशाळांत इतका वापरला गेला की त्याचं नाव आपल्या बोलण्यातही आलं. "मला गिनीपिग बनवू नका" असं आपण म्हणतोच. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला, तेव्हाही प्रयोग याच जिवावर झाले होते. ज्या जिवाने माणसाच्या हातून इतकं सोसलं आहे, तो आपल्या घरी आला की निदान इथे तरी त्याला अभय मिळावं.

तो कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनीपिग एकटा ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. पण कळपातला म्हणजे कितीही चालतील असं नव्हे. दोघींचं जमलं असेल तर त्यांची सोबतीची गरज भागलेली असते. त्यांना तिसरी नको असते, ती बहुधा आपल्याला हवी असते. नातवाला पांढरा हवा असतो, नातीला तपकिरी. परिग्रह-परिमाण व्रतात नऊ प्रकारचे परिग्रह मोजतात, त्यात चतुष्पदही येतात, हे आपण पाठ म्हणतो आणि विसरतो. साड्यांच्या कपाटाला लावायचा नियम पिंजऱ्यालाही लावायला हवा.

दयेचा हिशेब

दुसरं कारण सांगितलं जातं ते दयेचं. "दुकानात एवढ्याशा पिंजऱ्यात दहा-बारा पिल्लं कोंबली होती. बघवेना, म्हणून एक सोडवून आणलं." भावना शंभर टक्के खरी आहे. पर्युषणात जीव सोडवण्याची आपली परंपराही जुनी आहे. पण मी कॉमर्सची पदवीधर, मला वहीची दुसरी बाजूही दिसते. दुकानदाराच्या वहीत दयेचं खातं नसतं. तिथे फक्त विक्री जमा होते आणि रिकाम्या झालेल्या जागेसाठी पुढची मागणी नोंदवली जाते. आपण एक सोडवला असं आपल्याला वाटतं, त्याच्या हिशेबात एक खपलेला असतो.

ही मागणी भरून काढते एक मादी. तिचे दिवस भरायला साधारण दोन महिने लागतात. एका वेळी दोन-चार पिल्लं होतात आणि विण्यानंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. नर सोबत ठेवला तर तिला उसंतच नाही. आपल्या शास्त्रात श्रावकाला वर्ज्य असे पंधरा कर्मादान सांगितले आहेत, त्यात असतीपोषण आहे. पैशासाठी पशुपक्षी पोसण्याचा धंदा त्यात येतो. तो धंदा आपण करायचा नाही, पण त्याचं गिऱ्हाईक मात्र व्हायचं, हा ताळेबंद जुळत नाही. "घरीच पिल्लं काढू आणि वाटून टाकू" हेही त्याच कारणाने नको.

एकटा उरलेला जीव ही वेगळी गोष्ट आहे. कुणाची जोडी फुटली, कुणाची बदली झाली, कुणाच्या मुलाला ॲलर्जी निघाली. असा जीव आणल्याने नवीन मागणी तयार होत नाही आणि एक एकटेपण संपतं. तिसरा आणायचा तो असाच.

आधी जोडी कुठली ते बघा

आपल्या जोडीत कोण आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. दोन्ही माद्या असतील तर तिसरी मादी बहुधा सामावते. दोन नर सलोख्याने राहत असतील तर तिसरा नर आणूच नका. वयात आले की त्यांच्यात रक्तपात होईपर्यंत भांडणं होतात आणि कधी कधी आधीची जोडीही कायमची फुटते. दोन नरांत एक मादी आणली तरी तेच.

म्हणून नर की मादी हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. देणाऱ्याच्या शब्दावर राहू नका, कारण लहान पिल्लांत ओळख चुकणं फार सोपं आहे. मादी चार आठवड्यांचीही गाभण राहू शकते. उलट सहा-सात महिने उलटून गेलेली मादी पहिल्यांदाच गाभण राहिली, तर तिच्या कमरेचं हाड पुरेसं सैल होत नाही आणि बाळंतपणात ती दगावू शकते. नकळत नर घरात आला तर आपल्या दोन्ही माद्यांच्या जिवाशी खेळ होतो.

"नर खच्ची करून घेतला तर?" असंही विचारतात. पशुवैद्यक शास्त्राला ते मान्य आहे, परदेशात सर्रास करतात, आणि तसा नर माद्यांत सुखाने राहतो. आपल्याकडे मात्र निर्लांछन कर्म आणि छविच्छेद हे शब्द मध्ये येतात. ज्यांच्या घरी आधीच नर आहे त्यांनी आपल्या गुरूंना विचारून ठरवावं. माझं मत एवढंच, की नव्याने आणताना मादीच निवडली तर तो पेच येत नाही.

पाहुणी आधी मागच्या खोलीत

नवी आणली की थेट जोडीत सोडायची नाही. दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायची. तिच्या अंगावर उवा-खरजेचे किडे असतील, बुरशी असेल, छातीत संसर्ग असेल, तर तो या दिवसांत कळतो. बुरशी तर मुलांच्या हातांवरही येते. खाणं-पाणी देताना आधी जुन्या जोडीचं करायचं, मग नवीचं, आणि मग साबणाने हात धुवायचे. आठवड्यातून दोनदा वजन करायचं, त्यासाठी काटा वेगळा ठेवायचा. गिनीपिग आजार लपवतो, तो आधी वजनात दिसतो.

आमच्याकडे हा विषय अधिक गंभीर आहे. श्रीवर्धनहून गिनीपिग नीट बघणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं तर मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं, म्हणजे चार-पाच तासांचा रस्ता. आणि घरगुती औषध चालत नाही. पेनिसिलीनच्या जातीची, माणसांना सहज देतात ती औषधं तोंडातून दिली तर गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि तो दगावतो. घरात पडलेली उरलेली गोळी चुरून देणं म्हणजे विष देणं आहे.

पंधरा-वीस दिवस ठीक गेले की पिंजरे शेजारी आणायचे. मध्ये जाळी, आणि दात लागणार नाहीत एवढं अंतर. अंथरुणातलं थोडं गवत, लपायची खोकी यांची अदलाबदल करायची. गिनीपिग एकमेकांना बरंचसं वासावरून ओळखतात. दोन जावांचं जमलेलं घर असतं, तिथे तिसरी आली की पहिल्याच दिवशी तिच्या हातात किल्ल्या देत नाहीत, तसंच हे.

पहिली भेट

भेट कुणाच्याच हक्काच्या जागेत नको. पडवीत किंवा हॉलमध्ये जुन्या चादरी अंथरा. मध्ये आणि कडेला गवताचे तीन-चार ढीग ठेवा, म्हणजे खाण्यावरून हमरीतुमरी होणार नाही. लपायची खोकी तिघींना चार ठेवा, आणि प्रत्येकाला दोन दारं कापा. एकच दार असलं की आत गेलेली कोंडीत सापडते. एक जाड टॉवेल हाताशी ठेवा आणि खाली बसून राहा. दोन-तीन तास काढायची तयारी ठेवा. त्या वेळात फोन, स्वयंपाक, पाहुणे काही नको.

आता काय दिसेल ते सांगते. एकमेकींना हुंगणं, मागे लागणं, अंगावर चढणं, कंबर हलवत घुर्रघुर्र आवाज काढणं, नाक वर करून कोण उंच ते ठरवणं. हे सगळं साहजिक आहे. थोरली कोण हे त्या ठरवत असतात. दर घुरघुरीला आपण मध्ये पडलो तर ते ठरतच नाही आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

दात सतत कडकडवणं, मानेवरचे केस उभे राहणं, जांभई दिल्यासारखे दात दाखवणं, अंगावर झेप घेणं, ही चढत जाणारी इशाऱ्याची पायरी आहे. इथे सावध व्हायचं. एकमेकींत गुंतून चेंडूसारख्या लोळू लागल्या किंवा रक्त दिसलं, तर त्याच क्षणी वर टॉवेल टाकून वेगळं करायचं. उघडा हात मध्ये घालू नका, चावा खोल लागतो.

सगळं शांत झालं, तिघी एकाच ढिगाशी खाऊ लागल्या किंवा आडव्या झाल्या, की मग पिंजरा. तोही आधी पुसून, पाणी घातलेल्या व्हिनेगरने धुऊन, सामान हलवून, जुना वास जाईल असा करायचा. दोघींना किमान साडेसात चौरस फूट जागा लागते, तिघींना साडेदहा. पाण्याच्या बाटल्या दोन, गवत दोन ठिकाणी. पुढचे दोन आठवडे वजन बघत राहायचं. एखादी खाण्यापर्यंत पोचत नसेल तर ते भांडणातून नाही, काट्यावरून कळतं.

आमच्या घरी नातीच्या दोन माद्या आहेत. म्हसळ्याकडच्या एका घरातली एकटी उरलेली मादी आम्ही तिसरी म्हणून आणली. सगळं मिळून पाच आठवडे लागले. पहिल्या भेटीत धाकटीने तिला तासभर पळवलं. सूनबाई दोनदा उठली, मी तिला खाली बसवलं. तिसऱ्या भेटीत तिघी एका ढिगावर आल्या. आज त्या एकत्र राहतात, पण नवी अजून झोपते कडेच्या खोक्यात, एकटीच. तिची तीच रीत असेल तर असू दे. सगळ्यांनी गळ्यात गळे घालावेत हा आपला हट्ट आहे, त्यांचा नाही.

भीतीने जवळ आणू नका

एक सल्ला फिरत असतो, त्याला माझा ठाम विरोध आहे. "तिघांना एकत्र अंघोळ घाला" किंवा "एका खोक्यात घालून गाडीतून फिरवा, घाबरून एकमेकांना चिकटतील आणि मैत्री होईल." चिकटतात हे खरं. पण ती मैत्री नाही, भय आहे. गाडी थांबली, अंग सुकलं की भांडण जिथल्या तिथे असतं, वर भीतीची भर पडलेली असते. अभयदानाला श्रेष्ठ दान मानणाऱ्या आपण, घाबरवून प्रेम करायला कशा लावणार?

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. प्रतिक्रमणात आपण ते आठवतो. मला वाटतं, घरात पाळीव जीव असलेल्या श्राविकेने ते पिंजऱ्यासमोर उभं राहून एकदा वाचावेत. लहान पिंजऱ्यात तिघींना कोंबणं हा बंधच आहे. दांडगी जोडी नवीला खाऊ देत नाही आणि आपण "होईल सवय" म्हणून सोडून देतो, तेव्हा अन्नपाननिरोध आपल्या हातून होत असतो, दात कुणाचेही असोत.

अन्नपाननिरोधावरून आणखी थोडं. गिनीपिगचं पोट सतत चालू राहावं लागतं. बारा तास उपाशी राहिला तरी आतडी मंदावू लागतात. म्हणून आपला चौविहार आपल्यापुरता. त्यांच्यासमोर रात्रभर सुकं गवत आणि पाणी हवंच. आठम-चौदसला आपण हिरवी भाजी करत नाही, पण त्यांचा पाला बंद करू नका. त्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज बाहेरूनच मिळावं लागतं. ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची फोड यांतून ते मिळतं. पेरू देशाच्या पाहुण्याला आपला पेरू मानवतो म्हणायचा! आणि एक दिलासा: गाजर घरात येत नाही म्हणून अडत नाही, ते त्यांना आवश्यक नाही. कांदा-लसूण तर त्यांना बाधतो, म्हणजे तिथे आपलं आणि त्यांचं पथ्य एकच.

तिसरीमुळे हे सगळं दीडपट होतं. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात गवताला बुरशी धरते आणि बुरशी लागलेलं गवत त्यांना आजारी पाडतं. एप्रिल-मे मध्ये उकाडा त्यांना सोसवत नाही. सव्वीस-सत्तावीस अंशांपुढे त्यांना त्रास होऊ लागतो. त्यामुळे नवीची ओळख करून द्यायची ती थंडीच्या दिवसांत, मेच्या सुट्टीत नव्हे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इथे कित्येक दिवस वीज नव्हती, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा स्वतःला सांभाळणंच कठीण होतं. अशा दिवसांत किती जीव आपण सांभाळू शकू, तोच आकडा धरून चाला.

नाही जमलं तर

तीन-चार वेळा शांतपणे भेटी घडवूनही जमलं नाही, तर जमलं नाही. जाळीच्या दोन बाजूंना शेजारी-शेजारी ठेवा. आवाज, वास, सोबत मिळते आणि जखमा होत नाहीत. नाहीतर तिच्यासाठी दुसरी एकटी शोधा. ज्यांनी दिली त्यांच्याशी हे आधीच बोलून ठेवा.

एक मात्र करू नका. "मोकळं सोडलं, सुटली बिचारी" म्हणून सुपारीच्या वाडीत सोडू नका. दिल्लीला लाल मंदिरातल्या पक्ष्यांच्या इस्पितळात बरे झालेले पक्षी पिंजऱ्यात परत देत नाहीत, आकाशात सोडतात, ते योग्यच आहे. पण पक्ष्याला आकाश असतं. गिनीपिगला हजारो वर्षांत रान उरलेलं नाही. त्याला चढता येत नाही, बीळ खणता येत नाही. मांजर, मुंगूस, साप, घार आणि गावची कुत्री यांच्यापुढे तो एक रात्र काढणार नाही. पाळलेलं जनावर उपासमार होईल असं टाकून देणं हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. आपल्या दृष्टीने तर ती जीवहिंसाच.

साखळी कुठे थांबवायची

गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतो. मी सहासष्ट वर्षांची आहे. आज दीड वर्षाची मादी आणताना मी माझंही वय त्यात मांडलं आणि सूनबाईला विचारलं, "माझ्यामागे तू करशील ना?" ती हो म्हणाली, मगच आणली. हा प्रश्न प्रत्येकीने विचारावा. नात तेव्हा शिकायला बाहेरगावी गेलेली असेल.

आणि शेवटी एक उरणारच. ती एकटी म्हणून नवी आणायची, मग ती नवी एकटी उरणार, म्हणून पुन्हा आणखी एक. ही साखळी खरेदीने कधीच संपत नाही. स्वित्झर्लंडमध्ये यावर उपाय म्हणून एकट्या उरलेल्या गिनीपिगला शेवटच्या दिवसांपुरता सोबती भाड्याने देण्याची पद्धत निघाली. आपल्याला भाड्याची गरज नाही. पांजरापोळ आपल्या रक्तात आहे. मुंबईत भुलेश्वरची पांजरापोळ १८३४ पासून उभी आहे. तेवढी मोठी संस्था नको, एक वही पुरे. प्रत्येक महिला मंडळाने नोंद ठेवावी: कुणाच्या घरी एकटी उरली आहे, नर की मादी, वय किती, कुणाकडे जागा आहे. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, महाड, एवढ्या टापूत जरी ही नोंद झाली, तरी दुकानाची पायरी चढावी लागणार नाही.

आपल्याकडे काम करताना जयणा पाळतात. पाणी गाळतो, पुंजणी फिरवतो, दिवा झाकतो. तिसरा जीव जोडीत आणतानाही तीच जयणा लागते: सावकाश, बघत, आणि त्यांचं म्हणणं ऐकत. जिला एवढी सवड नसेल तिने दोघींनाच सुखात ठेवावं. त्यातही पुण्य कमी नाही.

जय जिनेंद्र.